बाइक तयार आहे, तू कधी येतोस?

मी समुपदेशक आहे. तो माझ्याकडे पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या बाइक अपघाताला 11 आठवडे झाले होते. हाड जुळलं होतं, पण प्लेट बसवलेल्या खांद्यावर बॅगेचा पट्टा घ्यायला तो अजून कचरत होता. बॅग मांडीवर ठेवून बसला आणि म्हणाला, "मॅडम, मला माझ्या मित्रांची भीती वाटायला लागली आहे."

(त्याची आणि त्याच्या मित्राची, दोघांचीही परवानगी घेऊन लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

अपघात झाला तो एका ट्रॅक डेला. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. बंदिस्त ट्रॅकवर गटागटाने आपापली बाइक मनसोक्त चालवायचा दिवस. उजव्या वळणातून बाहेर पडताना याने थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) जरा लवकर उघडला, मागचं चाक घसरलं, दचकून थ्रॉटल सोडला. त्यासरशी चाकाने एकदम पकड घेतली आणि बाइकने त्याला उचलून पलीकडे फेकलं. बाइकवाले याला हायसाइड म्हणतात; त्यापेक्षा नुसतं घसरून पडणं परवडलं, असंही म्हणतात. डावी कॉलरबोन मोडली, दोन बरगड्यांना तडे गेले आणि डोक्याला मार लागल्याने पुढची वीसेक मिनिटं आठवणीतून पुसली गेली.

मित्र तिघं. एक जण सुरुवातीचे पंधरा दिवस रोज सकाळी येऊन त्याच्या बुटांच्या नाड्या बांधून द्यायचा. शर्ट घालताना दुखरा हात आधी बाहीत घालायचा, काढताना मात्र शेवटी, हे त्यानेच शोधून काढलं. दुसरा डॉक्टरांच्या प्रत्येक तारखेला कार घेऊन दारात हजर. तिसरा त्या दिवशी ट्रॅकवर याच्या लगेच मागे होता. तो घरी फारसा आलाच नाही. मोडकी बाइक स्वतःकडे घेऊन गेला आणि रोज रात्री एक फोटो पाठवू लागला. नवा क्लच लिव्हर. नवं हँडल. रंगवलेलं फेअरिंग, म्हणजे बाइकचं बाहेरचं कवच. शेवटच्या फोटोखाली लिहिलं होतं, "बाइक तयार आहे, तू कधी येतोस?"

त्या निरोपाने याची झोप उडाली. "एवढं केलंय त्यांनी. नाही कसं म्हणू? आणि हो म्हणायची हिंमत नाही. मी भित्रा झालोय का?"

अपघातातून उठलेली बरीच माणसं हा प्रश्न या ना त्या शब्दांत विचारतात. पण आधी मी भलतंच विचारलं: डोकं दुखतं का, उजेड खुपतो का, शब्द विसरतात का? डोक्याला मार बसल्यावर चिडचिड आणि तुटक झोप ही मेंदूचीही तक्रार असू शकते. तिला मनाचं दुखणं समजून महिनोन्‌महिने बोलत बसण्यात अर्थ नाही. डॉक्टरांकडून त्या बाजूने काळजी नाही असं कळल्यावरच आम्ही पुढे गेलो.

पहिला महिनाभर दचकणं, तीच दृश्यं डोळ्यांसमोर येणं, स्वप्नं पडणं हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. महिना उलटूनही ते कामाच्या, झोपेच्या आड येत असेल तर मदत घ्यावी. याला इंजिनाचा आवाज आला की अजूनही रस्ता बदलावासा वाटत होता. म्हणजे तो वेळेवरच आला होता, भित्रेपणाचा प्रश्नच नव्हता.

इथे मी एक चूक केली. मित्र दबाव आणतात असं गृहीत धरून मी त्याला सुचवलं, "सध्या बाइकचे फोटो पाठवू नकोस, असं त्याला कळवून टाका." त्याने कळवलं. उत्तर आलं, "ठीक." त्यानंतर काहीच नाही. पुढच्या भेटीला हा आधीपेक्षा खचलेला. तेव्हा मला जे पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं ते विचारलं: मागे असलेल्या मित्राने त्या दिवशी काय पाहिलं?

त्याला माहीत नव्हतं. तीन महिन्यांत विषयच निघाला नव्हता.

याच्याच आग्रहावरून तो मित्र एका भेटीला आला. खुर्चीच्या कडेवर बसला, किल्ल्या मुठीत. ट्रॅकवर कुणी पडलं तर इतरांनी थांबायचं नसतं. थांबलेली बाइक मागून येणाऱ्यांसाठी दुसरा अपघात ठरते. रेड फ्लॅग (लाल झेंडा) दिसला की वेग कमी करून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या बाइक थांबवायच्या जागेत, परतायचं, पडलेल्याकडे ट्रॅकवरचे मार्शल बघतात. त्याने नियम तंतोतंत पाळला होता. "पण मी तुझ्या बाजूने गेलो रे," तो म्हणाला. "तू हलत नव्हतास, आणि मी बाजूने निघून गेलो." पिटमध्ये कुणी येऊन 'शुद्धीवर आहे' असं सांगेपर्यंत तो हेल्मेटसुद्धा न काढता उभा होता. त्याच्या बाइकवरच्या कॅमेऱ्यात सगळं चित्रित झालं होतं. रोज रात्री दुरुस्तीचं काम आटोपलं की तो ते बघायचा, आणि मग फोटो पाठवायचा.

म्हणजे "तू कधी येतोस?" हा तगादा नव्हता. तू बरा आहेस ना, एवढंच त्याला विचारायचं होतं. ते त्याला बाइकच्या भाषेतच येत होतं.

मानसिक आघाताच्या निदानात दुसऱ्याचा अपघात डोळ्यांनी पाहणंही धरतात, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. तरी मी रुग्ण एकच मोजला होता. 2000 साली मानसशास्त्रज्ञ क्रिस ब्रुइन आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या अभ्यासांतून, आघातानंतरचा मानसिक त्रास कुणाला होतो याच्या 14 जोखमीच्या गोष्टी ताडून पाहिल्या. आघातानंतर माणसांचा आधार नसणं ही त्यांतली एक ठळक बाब निघाली. ते खरंच. पण न बोलता दिलेला आधार घेणाऱ्याला कर्जासारखा वाटू लागतो, हे मी या दोघांकडून शिकले. त्या मित्राला मी माझ्या एका सहकाऱ्याकडे पाठवलं. दोघांना एकाच समुपदेशकाने बघणं बरं नव्हे.

ते चित्रण आपणही बघावं का, असं याने विचारलं. पुसलेली मिनिटं परत आणायलाच हवीत असं काही नसतं. त्याने बघितलं नाही.

पुढचं काम कंटाळवाणं होतं, म्हणून थोडक्यात. आधी उभ्या बाइकवर नुसतं बसणं. भीती किती, 10 पैकी आकडा सांगायचा, आणि तो निम्म्यावर आल्याशिवाय उतरायचं नाही. मग इंजिन चालू करून बसणं. 'एकदा बस, सगळी भीती मोडेल' असं म्हणणाऱ्यांना मित्रांनीच परस्पर गप्प केलं. पुढे एका ट्रॅक डेला तो गेला, पण पिटमध्ये राहून टायर वॉर्मर (टायर गरम ठेवणारी आवरणं) चढवायला. दुपारी आकडा 7 वर गेला तेव्हा नाड्या बांधणारा मित्र काही न बोलता त्याच्याबरोबर फाटकापर्यंत चालून आला.

पुन्हा ट्रॅकवर उतरायचं की बाइक विकायची, हे अजून ठरलेलं नाही. मीही विचारत नाही.

शेवटच्या भेटीत त्याने पहिल्या दिवशी मांडीवर धरलेली ती बॅग उघडली. आत हेल्मेट होतं; डाव्या बाजूचा रंग खरवडून आतला थर दिसत होता, काचेवर एकाच दिशेने गेलेले ओरखडे. मार बसलेलं हेल्मेट पुन्हा वापरत नाहीत. टाकताना हनुवटीचा पट्टा कापून टाकतात, म्हणजे दुसरं कुणी उचलून घालणार नाही. "घरी एकट्याने नाही कापवलं," तो म्हणाला. मित्र बाहेर थांबला होता, त्याला आत बोलावलं. माझी कात्री कागद कापायची आणि पट्टा जाड. दोघांनी आळीपाळीने लावली, तरी चांगली पाच मिनिटं गेली.