‘रिफंड’ची घाई करू नका!

प्रश्न : ताई, मे महिन्यात आम्ही दोघं (मी ६६, हे ७०) मुलाकडे जर्मनीत श्टुटगार्टला जातोय. येताना तिथून रेल्वेने पॅरिस आणि पॅरिसहून युरोपातल्याच एका कंपनीच्या विमानाने मुंबई. टूर कंपनी वगैरे नाही. आमच्या शेजाऱ्यांचं परतीचं विमान गेल्या वर्षी संपामुळे रद्द झालं आणि त्यांना पदरचे बरेच पैसे घालावे लागले. आमच्यावर अशी वेळ आली तर काय करायचं?
– स. वा., इंदिरानगर, नाशिक

उत्तर : शेजाऱ्यांनी रिफंड घेतला होता का, ते आधी विचारा. विमान रद्द झाल्याचा मेसेज आला की दोन पर्याय असतात : पैसे परत किंवा दुसरं विमान. घाबरलेला माणूस म्हणतो, निदान पैसे तरी पदरात पडू देत. पण पैसे घेतले की तुम्हाला घरी पोचवायची कंपनीची जबाबदारी तिथेच संपते.

म्यूनिकच्या विमानतळावर एका रात्री रांगेत माझ्यापुढे सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीतला एक मुलगा होता. रांगेत उभ्या उभ्याच त्याने मोबाइलवर रिफंड घेऊन टाकला. काउंटरवर हॉटेल मागितलं तर तिथल्या बाईंनी स्क्रीनच त्याच्याकडे वळवला. यादीत त्याचं नावच उरलं नव्हतं. आम्हाला जेवणाची कुपनं आणि हॉटेलची चिठ्ठी मिळाली. तो बिचारा खुर्च्यांवर आडवा झाला आणि सकाळी रिफंडपेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजून नवं तिकीट काढून गेला.

तेव्हा काउंटरवर एवढंच म्हणा : ‘रिफंड नको, मुंबईला पोचवा.’ त्यांच्या स्वतःच्या विमानात लवकर जागा नसेल तर दुसऱ्या कंपनीच्या विमानाचं विचारायलाही लाजू नका. युरोपच्या २००४ सालच्या नियमानुसार तोवरचं जेवणखाण आणि रात्र काढावी लागली तर हॉटेल कंपनीकडेच लागतं. कारण कुठलंही असो. २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपातली विमानं बंद पडली, तेव्हाचा खटला युरोपच्या न्यायालयात गेला आणि २०१३ मध्ये कोर्टाने सांगितलं की हा खर्च तेव्हाही कंपनीनेच करायचा होता. कोणी दाद देत नसेल तर साधंसं हॉटेल स्वतः घ्या आणि बिलं सांभाळा, ते पैसे नंतर कंपनीकडे मागता येतात.

नुकसानभरपाई ही याहून वेगळी. पॅरिस-मुंबई एवढ्या अंतराला ती माणशी ६०० युरोपर्यंत असते, पण हवामान किंवा हवाई नियंत्रकांचा संप असेल तर मिळत नाही. फ्रान्समध्ये नियंत्रकांचे संप नवे नाहीत, २०२५ च्या जुलैतही झाला. कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांनी संप केला असेल तर मात्र सहसा हक्क राहतो. जाताना भारतीय कंपनीचं विमान असेल तर मुंबईहून निघताना हा युरोपचा नियम लागू नाही, हेही ध्यानात ठेवा.

आता रेल्वे. तासाभराहून जास्त उशीर होणार असं दिसलं की तिथेही तेच, पैसे परत की दुसऱ्या गाडीने पुढे, हे तुम्ही ठरवायचं. पण रेल्वे आणि विमानाची तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर गाडी रखडून विमान चुकल्यास विमान कंपनी हात वर करते. म्हणून पॅरिसला आदल्या दिवशीच पोचा. पावसाळ्यात कसाऱ्याला दरड येईल या धास्तीने आपण नाशिककर सहारला किती आधी निघतो, तसंच.

व्हिसासाठीच्या विम्यात ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण असतं. त्यात उशीर, रद्द विमान धरलेलं असतंच असं नाही; पॉलिसी नीट वाचा. बीपी-शुगरच्या गोळ्या हातातल्या बॅगेत. थोडे रोख युरोही ठेवा. एप्रिल २०२५ मध्ये स्पेन-पोर्तुगालमध्ये वीज गेली तेव्हा रेल्वेबरोबर कार्डंही चालेनाशी झाली होती.

आणि व्हिसाच्या स्टिकरवरचे राहण्याचे दिवस मोजून ठेवा. अडकल्यामुळे ते संपणार असतील तर रद्द झाल्याचा ईमेल घेऊन, मुदत संपण्याआधीच मुदतवाढीचा अर्ज करा. अशा अपरिहार्य कारणासाठी ती फी न घेता मिळते. कंपनीने लंडनमार्गे वळवायचं म्हटलं तर ‘हो’ म्हणण्याआधी व्हिसाचं विचारा, तुमचा शेंगेन व्हिसा (जर्मनी-फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा) तिथे चालत नाही.