घाटात गाडी ओढत नाही, 45 हजाराचा एक्झॉस्ट टाकू का?

गुहागरजवळून एका वाचकाने विचारलंय, 2018 ची स्विफ्ट पेट्रोल आहे, घरी होमस्टे आहे, कुंभार्ली घाटात पाच माणसं आणि सामान घेतलं की गाडी दुसऱ्या गिअरला मरते. गॅरेजवाला हेडर (इंजिनातून धूर बाहेर काढणाऱ्या पाइपांचा जोड) आणि फ्री फ्लो एक्झॉस्टचे (धूर कमी अडवणारा मोठा सायलेन्सर-पाइप) 45 हजार सांगतोय. बाजूला पैसे नाहीत, पर्सनल लोन काढू का, आंब्याचे पैसे आले की फेडतो. चिपळूण स्टेशनवरून पाहुणे याच गाडीतून आणतो आणि त्याचं भाडं घेतो, हेही त्यांनी लिहिलंय.

दादा, काढू नका.

या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, 113 न्यूटन मीटर, तोही 4200 आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे), म्हणजे कमी फेऱ्यांना ते मुळातच ढिलं आहे आणि पाइप बदलून ते काय डिझेल होणार नाही. उलट मोठ्या व्यासाचा पाइप टाकला की खालच्या आरपीएमला धुराचा वेग पडतो, सिलिंडर नीट रिकामा होत नाही आणि जिथे तुम्हाला जोर हवाय तिथेच तो कमी होतो, वाढला तर वर वाढतो आणि घाटात पाच माणसं घेऊन तुम्ही 6000 ला गाडी पळवणार आहात का? 4-2-1 हेडर (चार पाइपांचे दोन, दोनाचा एक) खाली-मधे थोडी मदत करतो हे खरं, पण बऱ्याच गाड्यांत कॅट, म्हणजे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, इंजिनाजवळच्या कंपनीच्या पाइपजोडालाच (मॅनिफोल्ड) लागून असतो, हेडर बदलला की तोही जातो, मग चेक इंजिनचा दिवा, पीयूसीची कटकट, आणि मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर नियमाबाहेरच्या बदलाला प्रत्येकी 5 हजार दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. विमा कंपनीला न सांगता केलंत तर क्लेमच्या वेळी तेच काढून दाखवतील.

14 टक्क्याने 2 वर्षांचं लोन धरलं तर हप्ता साधारण 2160, 45 चे होतात जवळजवळ 52 हजार. हप्ता दर महिन्याला, आंबा वर्षातून एकदा, तोही मोहोर टिकला तर. तुमच्याकडे बाजूला ठेवलेले पैसे नाहीत असं तुम्हीच लिहिलंय.

आधी क्लच बघून घ्या, घसरत असेल तर इंजिन ओरडतं आणि गाडी तिथेच. मग प्लग, एअर फिल्टर, टायरची हवा, आणि कॅट चोंदलाय का तेही. खाऱ्या हवेने सायलेन्सर सडला असेल तर कंपनीसारखाच बसवा. आणि वळणाच्या आधीच पहिला गिअर टाका, इंजिन मरायची वाट बघू नका, याला पैसे पडत नाहीत.

खरी भीती मला दुसरीच वाटते. चिपळूण स्टेशनवरून पाहुणे आणताना तुम्ही भाडं घेता आणि गाडी पांढऱ्या पाटीची! भाड्याची फेरी असताना अपघात झाला तर खाजगी पॉलिसीवाले हात वर करतील, आणि मग 45 हजार ही रक्कम फारच छोटी वाटेल. एकतर भाडं घेणं बंद करा आणि ओळखीच्या टुरिस्ट परवान्याच्या गाडीवाल्याला फेऱ्या द्या, किंवा परवाना काढून कमर्शियल विमा घ्या. घाटातल्या फेऱ्याही त्याला दिल्यात तर पाच माणसांचं ओझंही तुमच्या गाडीवरून उतरतं.

गॅरेजवाल्याला अॅडव्हान्स दिला असेल तर आजच फोन करून मागा, पार्ट मागवायच्या आत.