बायोसिमिलर ट्रास्टुझुमॅब म्हणजे डुप्लिकेट का? अन् पेटंट गेल्यावर एवढं स्वस्त काऊन झालं?

ताई, तुम्ही विचारलं की आईच्या ब्रेस्ट कॅन्सरसाठी डॉक्टरनं हर्सेप्टिनच्या (ट्रास्टुझुमॅबचा मूळ ब्रँड) जागी बायोसिमिलर, म्हणजे दुसऱ्या कंपनीनं बनवलेलं त्याच्यासारखंच औषध, लिहून दिलं, ते डुप्लिकेट तर नाही ना. नाही. माझं यवतमाळकडे तालुक्याच्या गावी मेडिकल आहे, काउंटरवर हेच विचारणारे घाबरलेले लोक येत राहतात, म्हणून जरा लांबवून सांगतो.

हर्सेप्टिन रोश कंपनीचं, अमेरिकेत १९९८ ला मंजूर झालं. आपल्याकडे ४४० एमजीची एक व्हायल, म्हणजे इंजेक्शनची बाटली, लाखाच्या वर जायची, अन् दर तीन आठवड्यांनी असं वर्षभर घ्यायचं, म्हणजे वावर विकल्याशिवाय जमणारच नाही, मग कित्येक घरी बाई स्वतःच म्हणायची राहू द्या, पोरांच्या शिक्षणाला ठेवा, याचा मला अजून राग येते. सरकारात सक्तीच्या लायसन्सची, म्हणजे पेटंट असतानाही दुसऱ्या कंपनीला औषध बनवू द्यायची, चर्चा सुरू झाली अन् २०१३ मध्ये रोशनं भारतातलं पेटंट सोडून दिलं. मुदत भरून संपलं नाही, सोडलं. अमेरिकेत ते २०१९ पर्यंत चाललं. २०१४ च्या सुरुवातीला बायोकॉनचं कॅनमॅब आलं, ४४० एमजीला ५७,५०० रुपये. रोश याविरुद्ध दिल्ली हायकोर्टात गेली, पण मागून झायडस, डॉ. रेड्डीज पण उतरल्या अन् एकाचे चार विकणारे झाले की भाव पडतेच.

आता बायोसिमिलर काऊन म्हणतात, जेनेरिक काऊन नाही? साधी गोळी केमिकलपासून बनते, तिची हुबेहूब नक्कल होते. हे औषध म्हणजे मोठं प्रोटीन, जिवंत पेशींमध्ये वाढवतात, त्यामुळे एकाच बियाण्याची तूर दोन वावरात पेरल्यासारखं दाण्यात उन्नीस-बीस राहते, डाळ तीच. अन् हे नुसतं बोलणं नाही, बायोकॉन अन् तिची जोडीदार कंपनी मायलन यांच्या औषधाची पसरलेल्या कॅन्सरच्या बायांवर मूळ औषधासोबत तुलना झाली, २४ आठवड्यांनी मूळवाल्यात १०० पैकी ६४ जणींची गाठ आटली, बायोसिमिलरवाल्यात जवळपास ७०, म्हणजे दोन्ही बरोबरीचे धरले. हे अन् बाकीचा पुरावा पाहून डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध मंजूर करणाऱ्या सरकारी संस्थेनं, त्याला मंजुरी दिली.

खरी भीती नकली मालाची ठेवा, अन् तो महागड्या ब्रँडचाच जास्त निघते. मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी टोळी पकडली, ते कॅन्सरच्या महाग इंजेक्शनच्या रिकाम्या व्हायल गोळा करून पुन्हा भरायचे. म्हणून पक्कं बिल घ्या, बॅच नंबर जुळवा, रिकामी व्हायल समोर फोडायला लावा.

पैशाचं म्हणाल तर छापील एमआरपी अन् खरा भाव यात लई फरक राहते, दोन-तीन ठिकाणी विचारा. डोस वजनावर ठरते, पहिला किलोमागे ८ एमजी, नंतर ६, म्हणजे ६० किलोच्या बाईला ३६०. ४४० ची फोडली तर ८० उरते, ते सोबतच्या पाण्यात बनवलं असेल तर फ्रिजमध्ये २८ दिवस चालते, पुढच्या डोसला वापरता येईल का ते आधीच विचारून ठेवा, नाहीतर १५० च्या व्हायलचा हिशोब करा. महात्मा फुले योजनेत बसते का हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भरती व्हायच्या आधी विचारा, नंतर नाही. हृदयाचा इको दर तीन महिन्यांनी चुकवू नका, हे औषध हृदयावर येऊ शकते.

अन् व्हायल तुम्हीच नेणार असाल तर २ ते ८ डिग्रीत पायजे, आपल्या मे महिन्यात एसटीत पिशवीत ठेवून नेऊ नका. थर्माकोलच्या डब्यात आइसपॅक ठेवा, पण व्हायल बर्फाला चिकटू देऊ नका, गोठू द्यायची नाही.