वाचकांचे प्रश्न : बँडमधलं व्हायोलिन

प्रश्न : आमच्या फ्यूजन बँडमध्ये मी व्हायोलिन वाजवतो. ड्रम आणि बेस सुरू झाले की माझं काहीच ऐकू येत नाही. म्हणून ब्रिजच्या खाचेत बसणारा पिएझो पिकअप (कंपनांचा विजेचा सिग्नल करणारा छोटा सेन्सर) घेतला आणि थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला जोडला. आवाज आला, पण पत्र्यासारखा. जाड तारेवर तर जीवच नाही. आता मल्टिइफेक्ट (अनेक इफेक्ट एकाच पेटीत) घ्यायचा आहे. कोणता घ्यावा?

उत्तर : मल्टिइफेक्टचं नंतर बघू, आधी प्रीअँप (पिकअपचा सिग्नल सांभाळून पुढे मिक्सरला देणारी छोटी पेटी) घ्या. पिएझोची कपॅसिटन्स (वीज साठवायची क्षमता) 1 नॅनोफॅरड धरली, तर 10 किलोओहम इतक्या कमी रोधाच्या लाइन इनपुटला जोडल्यावर 16 किलोहर्ट्झच्या खालचं सगळंच उतरत जातं, आणि जितका खर्ज तितकं जास्त. प्रीअँपचं इनपुट 1 मेगाओहमचं असेल तर ही मर्यादा 160 हर्ट्झवर येते, 10 मेगाओहमचं असेल तर 16 वर. पाश्चात्त्य मिळवणीत जाड तार 196 हर्ट्झची असते. त्यामुळे 1 मेगाओहमवर काम भागतं, पण भरदार आवाज 10 वरच मिळतो. मिक्सरवर बेसचं (खर्जाचं) बटण चढवून बघू नका, खरखर तेवढी वाढेल. पिकअप ते प्रीअँप केबल 3 मीटरच्या आत ठेवा. लांब केबल आवाजाची पातळी खाते.

प्रीअँपचा गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) लावताना गज पूर्ण जोर देऊन ओढा, क्लिपचा दिवा (सिग्नल फाटतोय याची खूण) लागला की थोडा मागे या. 150 हर्ट्झच्या खालचं कापा (तारा खाली उतरवून मिळवत असाल तर त्या मानाने कमी). गजाची किरकिर 3 किलोहर्ट्झच्या आसपास दोन-तीन डेसिबल उतरवली की बसते.

शिट्टी (फीडबॅक) वाजायला लागली तर आधी मॉनिटरची (स्टेजवर आपल्याकडे तोंड केलेल्या स्पीकरची) जागा बदला, मग प्रीअँपचं फेज बटण (सिग्नल उलटा करणारं) दाबून बघा. त्यानंतर नॉच फिल्टर (एकच अरुंद पट्टा कापणारा), तोही 270-280 हर्ट्झपासून शोधत. व्हायोलिनच्या पोटातली हवा तिथेच घुमते, त्यामुळे पहिली शिट्टी बऱ्याचदा तिथलीच.

आता इफेक्ट. क्रम असा : प्रीअँप, ऑक्टेव्हर (स्वराला वरच्या-खालच्या सप्तकातली जोड देणारा), ओव्हरड्राइव्ह (आवाज मुद्दाम फाडणारा), डिले (प्रतिध्वनी देणारा), शेवटी रिव्हर्ब (सभागृहासारखा घुमारा). ऑक्टेव्हर पुढे, कारण साधा ऑक्टेव्हर एका वेळी एकच स्वर ओळखतो. डिलेची शेपटी त्यात मिसळली की तो अडखळतो. दोन तारा एकदम छेडल्या तरी तेच. ओव्हरड्राइव्हचं ड्राइव्ह गिटारवाल्याच्या निम्म्यावर ठेवा. गजाने स्वर आपणच टिकतो, वर जास्त ड्राइव्ह दिलं तर गजाचा हलका-जड फरक पुसला जातो आणि शिट्टीही लवकर येते. डिलेसाठी 60,000 ला बीपीएमने (मिनिटाला पडणाऱ्या ठोक्यांनी) भागा : 120 च्या लयीला 500 मिलिसेकंद. रिव्हर्ब मंगल कार्यालयात जवळजवळ बंदच ठेवा, भिंती ते काम फुकट करतात.

मल्टिइफेक्ट घेताना एकच बघा, प्रत्येक इफेक्टचं प्रमाण वेगळं कमी-जास्त करता यावं. गिटारचे तयार प्रीसेट व्हायोलिनवर बहुतेक गढूळच वाटतात.

प्रश्न : घरी सगळं ठीक, कार्यक्रमात मात्र 'घूं' असा सलग आवाज येतो. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकू का?

उत्तर : मुळीच नाही, जिवावर बेतेल. स्टेज आणि मिक्सर दोन वेगवेगळ्या प्लगवर असले की अर्थचा लूप तयार होतो, त्याची ही 50 हर्ट्झची घरघर. प्रीअँपनंतर डीआय बॉक्स (सिग्नल मिक्सरला नीट पोचवणारी छोटी पेटी) लावून त्यावरचं ग्राउंड लिफ्ट (सिग्नलच्या केबलमधला अर्थचा जोड तोडणारं बटण) दाबा. तरीही राहिली तर पेडलांचा अडॅप्टर बदलून बघा. एकाच स्वस्त अडॅप्टरवर पाच-सहा पेडलं लोंबकळत असतील, तर दोषी तोच असण्याची शक्यता जास्त.