वाचकांचे प्रश्न : तांबटाचे पाणी आणि लोहाराचे पाणी

प्रश्न : पुण्याच्या तांबट आळीत एक कारागीर घडवत असलेले तांब्याचे पातेले लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवत होता आणि त्यामुळे ते मऊ होते असे सांगत होता. आमच्या गावचा लोहार विळा तापवून पाण्यात बुडवतो, तो मात्र कडक व्हावा म्हणून. दोघांपैकी बरोबर कोण?
— एक वाचक, सासवड

उत्तर : दोघेही बरोबर आहेत. कृती सारखी दिसत असली, तरी दोन्ही धातूंच्या आत जे घडते ते अगदी वेगळे आहे.

तांबे कडक होते ते हातोड्याने. पत्र्यावर घाव बसू लागले की त्यातील स्फटिकांचे थर एकमेकांवरून सरकतात, आणि हे सरकणे जसजसे वाढते तसतशी त्यांची वाट अडत जाते. म्हणून काही वेळाने घावाचा आवाज चढतो, हातोडा उसळू लागतो, आणि जाणता तांबट तिथेच थांबतो, कारण आणखी ठोकले तर काठाला चीर जाण्याची भीती असते. मग तो भांडे भट्टीत धरतो. उष्णतेने ताणलेल्या स्फटिकांच्या जागी नवे, मोकळे स्फटिक तयार होतात आणि तांबे पुन्हा घडवण्याजोगे मऊ होते. मऊपणा येतो तो या तापवण्याने, पाण्याने नव्हे. तांब्यातील अणूंची मांडणी ते १०८५ अंश सेल्सिअसला वितळेपर्यंत एकाच प्रकारची राहते, त्यामुळे ते झटकन निवाले काय किंवा सावकाश निवाले काय, कडकपणात फरक पडत नाही. पाण्याने फक्त वेळ वाचतो आणि वरची काळी खपली सुटायला मदत होते. शेवटी भांड्यावर जे मठारकाम करतात, त्या ओळीने उठवलेल्या घावांना आपण शोभा म्हणून पाहतो, पण भांड्याला खरी ताकद तेच देतात. साच्यात दाबून नंतर वरवर ठिपके उमटवलेले भांडे आणि हाताने मठारलेले भांडे यांची किंमत एकच असावी, असे म्हणणाऱ्यांशी मी म्हणूनच सहमत नाही.

पोलादात कर्ब असतो, आणि सारा खेळ त्या कर्बाचा आहे. सुमारे ७२७ अंशांच्या वर लोहाच्या अणूंची मांडणी बदलू लागते व त्या नव्या मांडणीत कर्ब सहज सामावतो. सावकाश निवू दिले तर तो पुन्हा बाहेर पडतो, परंतु एकदम पाण्यात घातले तर त्याला बाहेर पडायला सवडच मिळत नाही. तो आतच अडकून मांडणी ताणून धरतो, आणि त्या ताणामुळे पाते अतिशय कडक, पण तितकेच ठिसूळ होते. बांधकामाच्या साध्या लोखंडात कर्ब पाव टक्क्याहूनही कमी असतो. म्हणून त्याला कितीही पाणी दिले तरी विळ्यासारखी धार मिळत नाही.

प्रश्न : ट्रकच्या जुन्या पाट्याचा कोयता करून घेतला. पहिल्याच दिवशी ऊस तोडताना धारेचे कपचे उडाले. म्हणून ग्राइंडरवर घासून नवी धार काढली, तर आता ती टिकतच नाही.
— एक शेतकरी, बारामती तालुका

उत्तर : कपचे उडाले याचा अर्थ पाणी दिल्यानंतर पाते पुन्हा हलके तापवले गेले नसावे. घाईच्या कामात हाच टप्पा गाळला जातो, आणि तो गाळणे म्हणजे गिऱ्हाइकाच्या हातापायाशी खेळणे आहे, कारण उडालेला कपचा डोळ्यात जाऊ शकतो. पाणी दिलेल्या पात्याची एक बाजू घासून चकचकीत करावी आणि पाठीकडून मंद आच द्यावी. चकचकीत भागावर आधी फिकट पिवळा रंग येतो, मग तपकिरी, मग जांभळा आणि सुमारे ३०० अंशांना निळा. कोयत्यासारख्या घाव घालणाऱ्या हत्याराची धार तपकिरीकडून जांभळ्याकडे वळताच आच थांबवावी. शिवाय पाट्याच्या पोलादाला पाण्यापेक्षा तेल अधिक मानवते; पाण्यात ते एकदम आकसून तडकू शकते.

ग्राइंडरवर घासताना धार निळी पडली असेल, तर तिचे पाणी तिथेच उतरले, म्हणजे कडकपणा गेला. निळा भाग अरुंद असेल, तर वरचेवर पाण्यात बुडवत तो सावकाश घासून काढावा. सगळी धार निळी असेल, तर पाते पुन्हा भट्टीत घालावे लागेल. पुरेसे तापल्याची खूण चुंबकाने कळते : ७७० अंशांच्या पुढे पोलादाला चुंबक चिकटत नाही. त्याहून थोडे अधिक तापवून तेलात घालावे आणि लगेच वरीलप्रमाणे रंग पाहत पुन्हा हलके तापवावे. पात्याला आधीच चीर गेली असेल, तर मात्र तेवढा भाग कापूनच टाकावा.

प्रश्न : पितळी पातेल्याला नुकतीच कल्हई केली होती. गॅसवर रिकामे राहिले आणि आत कल्हईचे गोळे जमले. कल्हईवाल्याने फसवले का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तेवढ्यावरून तसे म्हणता येणार नाही. शुद्ध कथीलसुद्धा २३२ अंशांना वितळते, आणि रिकामे भांडे गॅसवर तेवढे सहज तापते. आत पाणी असेल, तर भांडे उकळबिंदूच्या फार वर जात नाही आणि कल्हई सुरक्षित राहते. पातेले पुन्हा कल्हईला द्या, कथील शिसे न मिसळलेले असल्याची खात्री करून घ्या, आणि तोवर त्यात ताक, आमटी किंवा चिंचेचे काही ठेवू नका.