बोटीचा ऑइल कूलर घरी उघडताना ओरिंगला सिलिकॉन लावावं का?

तुमचा प्रश्न असा: ट्रॉलरच्या इंजिनातून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर तवंग दिसतो, तेल कमी होतंय, कूलर घरी साफ करून सील बदलता येतील का, खर्च किती, आणि मेस्त्री सांगतो तसं ओरिंगवर, म्हणजे जोडातली गळती रोखणाऱ्या रबरी कड्यावर, सिलिकॉन फासावं का.

सिलिकॉन अजिबात लावू नका. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यापासून देवगडापर्यंत प्रत्येक जेटीवर हा वाद मी घातलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

कूलरमध्ये नळ्यांतून समुद्राचं पाणी जातं आणि नळ्यांच्या बाहेरून फिरणारं इंजिनाचं तेल थंड होतं. हा नळ्यांचा गठ्ठा, म्हणजे स्टॅक, गरम झाला की लांबीत वाढतो. ओरिंग त्याला सरकू देते आणि गळूही देत नाही. दाबल्यावर रबराला पसरायला खाचेत जागा लागते. तीच जागा सिलिकॉन भरून टाकतं. शिवाय व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसिड सोडतं, ते तांब्या-पितळेला खातं. एका बोटीवर असा चिकटवलेला स्टॅक पुढच्या हंगामात निघेना. हातोडा मारला, ट्यूबप्लेटजवळच्या, म्हणजे नळ्यांची टोकं बसवलेल्या चकतीजवळच्या, नळ्या सैल झाल्या आणि चांगला स्टॅक भंगारात गेला. त्याच इंजिनाच्या फिल्टरात सिलिकॉनचे तुकडे सापडले. फिल्टर तुंबला की बायपास व्हाल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं तेल टर्बोच्या (इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या यंत्राच्या) बारीक नळीकडे जातं. "एवढ्याशानं काय होतंय" म्हणणाऱ्यानं टर्बोची किंमत विचारून यावी.

आता काम. उघडण्याआधी शेल (बाहेरचं कवच) आणि स्टॅकवर पंचनं खूण करा, उलटा बसला तर तेलाचा रस्ता अडू शकतो. पाण्याच्या बाजूच्या झाकणात आधी रबराचे तुकडे शोधा. इम्पेलरची, म्हणजे पाण्याच्या पंपातल्या रबरी चाकाची, तुटलेली पाती तिथंच अडकतात, आणि खाडीच्या तोंडावरची वाळू, शिंपल्यांचा चुरा त्यांच्या मागे साठतो. नळ्यांत लोखंडी सळई घालू नका. नायलॉनचा ब्रश किंवा भोकापेक्षा बारीक लाकडी काडी पुरते. क्षाराचा थर असेल तर 10 लिटर कोमट पाण्यात 500 ग्रॅम लिंबूसत्त्व घालून फक्त स्टॅक बुडवा, बुडबुडे थांबले की काढून गोड्या पाण्यानं भरपूर धुवा. ॲल्युमिनियमचं शेल किंवा झाकण त्यात टाकू नका. तेलाची बाजू रॉकेलमध्ये रात्रभर भिजवून उलट्या दिशेनं हवा मारा.

ओरिंग नायट्राइलचीच, म्हणजे तेलात टिकणाऱ्या रबराची घ्या. बाजारात ईपीडीएम या दुसऱ्या रबराची ओरिंगही तशीच काळी दिसते, पण तेलात फुगते. शंका असेल तर एक नग रात्रभर डिझेलमध्ये ठेवा आणि जाडी व्हर्नियरनं आधी-नंतर मोजा. खाच पितळी ब्रशनं साफ करा. खड्डा नखाला अडकत असेल तर नवी ओरिंगही गळणार, तो भागच बदलावा लागेल. बसवताना ओरिंगला इंजिन ऑइलचं बोट फिरवा, पीळ पडू देऊ नका, बोल्ट समोरासमोरचे थोडेथोडे आवळा.

जोडल्यावर तेलाचं एक तोंड बंद करा, दुसऱ्याला गेज आणि टायरचा व्हाल्व्ह लावून 2 बार हवा भरा. पाण्याची तोंडं उघडी ठेवून 15 मिनिटं पिंपात बुडवा. बुडबुडे पाण्याच्या तोंडातून आले तर नळी फुटलीय किंवा आतलं सील गेलंय. झाकणाच्या कडेनं आले तर बाहेरचं. एखादीच नळी फुटली असेल तर दोन्ही टोकांना निमुळतं पितळी बूच ठोकून वेळ मारता येते, पण दहात एकाहून जास्त नळ्या बंद केल्यात तर तेल तापणार.

झिंक, म्हणजे कूलरऐवजी स्वतः झिजावा म्हणून लावलेला जस्ताचा तुकडा, अर्धं झिजलं असेल तर बदला आणि त्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. धातूला धातू भिडला नाही तर झिंक नुसतंच तिथं बसतं आणि समुद्राचं पाणी कूलरच खातं. हीही जेटीवरची आवडती चूक.

खर्चाचं इंजिनावर अवलंबून आहे. ओरिंग स्वस्त, स्टॅक महाग.

एक राहिलं: डिपस्टिकवर तेल कमी होत नसेल तर तो तवंग न जळलेल्या डिझेलचाही असू शकतो, मग आधी इंजेक्टर बघा. आणि तेल दुधासारखं पांढरं झालं असेल तर इंजिन चालू करूच नका. कूलर दुरुस्त झाल्यावर तेल-फिल्टर बदला, 20 मिनिटं कमी आरपीएमवर चालवा आणि तेल पुन्हा बदला. मेस्त्री तरीही सिलिकॉनची ट्यूब काढायला लागला, तर त्याला विचारा, कंपनीच्या मॅन्युअलमध्ये या ओरिंगला ते कुठल्या पानावर सांगितलंय.