अपघाताचे पोलीस कागद कोणाकडे आणि कसे मागावेत?

प्रश्न : आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. मुंबईहून परतताना वाडीवऱ्हे गावाजवळ महामार्गावर एका पिकअपने आमच्या मोटारीला मागून धडक दिली आणि पत्नीच्या हाताचे हाड मोडले. नाशिकच्या रुग्णालयात पोलिसांनी तिचा जबाब घेतला, परंतु आमच्या हाती एकही कागद नाही. विमा कंपनी ‘पोलीस रिपोर्ट’ मागते आहे. घराजवळच्या ठाण्यात ‘ही आमची हद्द नाही’ असे सांगण्यात आले. एक एजंट पैसे घेऊन सर्व कागद आणून देण्यास तयार आहे. काय करावे?

उत्तर : एजंटाला पैसे देऊ नयेत. ज्या कागदासाठी तो पैसे मागतो आहे, त्यांतील मुख्य कागद आपल्या पत्नीला विनामूल्य मिळण्याचा कायद्याने अधिकार आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार प्रथम खबर अहवालाची, म्हणजे एफआयआरची, प्रत फिर्यादीप्रमाणेच पीडित व्यक्तीलाही मोफत द्यावी लागते. जुन्या संहितेत हा उल्लेख केवळ खबर देणाऱ्यापुरता होता. त्यामुळे ‘तुम्ही फिर्यादी नाही’ हे उत्तर आता पुरेसे ठरत नाही.

मात्र त्याआधी गुन्हा नोंदला गेला आहे का, हे पाहावे लागेल. रुग्णालयातील जबाब पुष्कळदा त्या परिसरातील ठाण्याचे पोलीस घेतात आणि कागद अपघातस्थळाच्या ठाण्याकडे वर्ग करतात. या प्रवासात काही दिवस जातात, आणि क्वचित कागद मध्येच पडूनही राहतात. वाडीवऱ्हे पोलीस ठाणे नाशिक ग्रामीण पोलीस दलात येते, शहर आयुक्तालयात नाही. म्हणून महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध एफआयआर शोधताना जिल्ह्याच्या रकान्यात ‘नाशिक ग्रामीण’ निवडावे आणि केवळ अपघाताची तारीख न घालता त्यानंतरच्या काही दिवसांचाही कालावधी द्यावा, कारण तेथे नोंदणीची तारीख धरली जाते. गुन्हा रजिस्टर नंबर मिळाला की पुढील प्रत्येक अर्जात तोच लिहावा.

गुन्हा नोंदलाच नसेल, तर पत्नीने तो नोंदवण्यासाठी लेखी अर्ज द्यावा. हाड मोडणे ही कायद्याच्या दृष्टीने गंभीर दुखापत आहे, आणि निष्काळजीपणाने ती घडवणे भारतीय न्याय संहितेच्या कलम 125 खाली दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलिसांना न्यायालयाच्या आदेशाविना त्याचा तपास करता येतो. त्यामुळे केवळ स्टेशन डायरीतील नोंदीवर किंवा अदखलपात्र नोंदीवर समाधान मानू नये. दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीबाहेरच्या ठाण्यातही देता येते. तरीही टाळाटाळ झाल्यास तक्रारीचा मजकूर नाशिक ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवावा आणि तेथेही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा.

दुसरे असे की ‘पोलीस रिपोर्ट’ या नावाचा एकच कागद ठाण्यात नसतो. मोघम मागणी केल्यास उत्तरही मोघम मिळते. त्यामुळे अर्जात एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, दोन्ही वाहनांचा परिवहन विभागाचा तपासणी अहवाल आणि प्रथम अपघात अहवाल अशी नावे घालून मागणी करावी, दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी आणि तपासी अंमलदाराचे नाव टिपून ठेवावे. मोटारीच्या दुरुस्तीच्या दाव्यासाठी सर्वसाधारणपणे पहिले दोन कागद पुरतात. विमा कंपनीला नेमके काय हवे आहे, हे तिच्याकडून लेखी मागवल्यास हेलपाटे वाचतील.

प्रथम अपघात अहवालाकडे फारसे कोणी लक्ष देत नाही, वास्तविक पीडितासाठी तो फार उपयोगाचा आहे. 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार पोलिसांनी हा अहवाल अपघातानंतर 48 तासांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो, आणि त्याची प्रत पीडितालाही द्यायची असते. पुढे 90 दिवसांत सविस्तर अपघात अहवाल सादर व्हावा लागतो. समोरच्या वाहनाचा क्रमांक, मालक, चालकाचा परवाना आणि विमा यांची माहिती त्यात येते, आणि नुकसानभरपाईचा दावा याच माहितीवर उभा राहतो. व्यवहारात ही मुदत नेहमी पाळली जाते असे नाही, म्हणून स्मरणपत्र देण्यास संकोच करू नये. पिकअपची माहिती अडून राहिल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 160 खाली ठाण्याकडून किंवा प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून विहित शुल्क भरून ती मागता येते.

दोषारोपपत्र दाखल झाल्यावर त्यासोबतच्या कागदांच्या साक्षांकित प्रती संबंधित न्यायालयातून मिळतात. परंतु दावा करण्यासाठी तोवर थांबणे आम्हाला धोक्याचे वाटते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 मध्ये दाव्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घालण्यात आली आहे, आणि तपास त्याहून लांबू शकतो. पत्नी नाशिकची रहिवासी असल्याने, अपघात कोणत्याही हद्दीत झाला असला तरी, तिला नाशिकच्या न्यायाधिकरणात दावा करता येईल. एफआयआर, पंचनामा यांपैकी जे मिळेल ते आणि रुग्णालयाची कागदपत्रे घेऊन वकिलांना आताच भेटावे. राहिलेले कागद नंतर दाखल करता येतात.